तेल प्यालेलं पिस्तूल

आमच्या घराण्यात एक पिस्तूल आहे. हे वाक्य मी पंगतीत टाकलं की शेजारच्याचा घास हातातच राहतो. तो तसाच राहू द्यावा आणि पुढचं सांगू नये, हे शहाणपण. पण मला कुठलं शहाणपण! पुढचं असं, की त्या पिस्तुलाएवढी निरुपयोगी वस्तू सगळ्या निपाणीत सापडायची नाही. अडकित्ता बरा, सुपारी तरी कातरतो.

मालक माझे थोरले चुलते. अख्खी गल्ली त्यांना आप्पा म्हणते. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि येताना, फौजेनं कंडम ठरवलेलं हे बत्तीस बोअरचं पिस्तूल रीतसर परवाना काढून विकत घेऊन आले. सरकारनं जे भंगारात काढलं ते आम्हाला मिळालं, म्हणून आम्ही पेढे वाटले. रंगाचे पोपडे उडालेले, मुठीचं लाकूड एका बाजूनं चिरलेलं, वजन वरवंट्याएवढं. परवाना कर्नाटकापुरता. त्यामुळे कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडला की आप्पांचा दरारा संपतो. कागलच्या लग्नाला ते कमरेला रिकामं चामडी कव्हर लावून जातात. आत चष्मा असतो. कुठलीही निवडणूक लागली की पिस्तूल ठाण्यात जमा करायचं. तिथून ते बाळंतपणाला माहेरी जाऊन आल्यासारखं आणखी सुस्त होऊन परततं.

ते कित्येक वर्षांत कुणी वाजवून बघितलं नव्हतं, आणि त्यामुळे आप्पांचा नेम वर्षागणिक सुधारत चालला होता. मी लहान असताना ते म्हणे उडता पतंग पाडत. पुढं पुढं ते पतंगाचा दोरा तोडायला लागले.

आप्पांची मुलगी खानापुरात दिली आहे. तिचे सासरेही फौजी, पण हवालदार. पलटणीत ज्यानं आप्पांना खाडकन सलाम ठोकला असता तो माणूस आमच्याकडं मुलाचा बाप म्हणून पाटावर बसतो आणि सुभेदार त्याला तूप वाढतो. कुठल्याच फौजेत असला न्याय नाही, तो फक्त सोयरिकीत आहे. व्याही तो चवीनं उपभोगतात.

मागच्या साली जेवायला आले तेव्हा पोळी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "आप्पा, तुमचं ते पिस्तूल वाजतंय, का नुसतं दिसतंय?"

"वाजतंय की. काडतुसं जुनी झाल्यात, एवढंच."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. बंद हाय तेच बरं. पिस्तूल बंद हाय तवर तुमचा नेम शाबूत हाय."

मी हसू ताकाबरोबर गिळलं, थोडं नाकातून आलं. आप्पा लालबुंद झाले. व्याह्याला शिवी देता येत नाही, म्हणून त्यांनी प्रतिज्ञा केली. बेळगावाबाहेर माजी सैनिकांचा मेळावा भरतो आणि परवानेवाल्यांची नेमबाजी होते. "औंदाच्या मेळाव्यात वाजवून दाखवतो. न्हाय वाजलं तर तसाच ठाण्यात जाऊन देऊन टाकतो. कायमचं!"

काकी तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. "देवा, नगं वाजू दे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. व्याह्यांनी हात धुवायच्या आधीच डाव्या हातानं ही प्रतिज्ञा माजी सैनिकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली.

मग दुरुस्ती सुरू झाली. पहिला आरोप काडतुसांवर. नवी आणली. दुसरा स्प्रिंगवर. बेळगावच्या दुकानदारानं पिस्तूल नीट न बघताच "स्प्रिंग गेलीय" असं सांगितलं. लग्न न जमणाऱ्या मुलीच्या बापाला जोशी जसा "मंगळ आहे" म्हणतो, तसं. स्प्रिंगही नवी बसली. घरी आल्यावर आप्पांनी फौजेतली परीक्षा घेतली. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, नळीत पेन्सिल सोडायची, तोंड वर करून घोडा दाबायचा. आतली पिन जोरात बसली तर पेन्सिल उडते. आमची पेन्सिल उडाली नाही. जांभई दिल्यासारखी जरा हलली आणि पुन्हा आत निजली.

"नवीन पेन्शील आण रं," आप्पा म्हणाले. आता आरोप पेन्सिलीवर आला होता.

शेवटी जुन्या पेपरवर पिस्तूल उघडलं. आप्पांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून दाभण माझ्या हातात. पिन असते त्या भोकात खरवडलं तसं पिवळट, लालसर, चिकट असं काहीतरी बाहेर यायला लागलं. वास घेतला. खोबरेल! मग हळद. मग कुंकू. आणि अगदी गाभाऱ्यात, पिनीला टेकून, अक्षतांमधली तांदळाची एक कणी.

मी दाभण खाली ठेवलं आणि आप्पांकडं बघितलं. आप्पा छताकडं बघत होते.

खंडेनवमीला आम्ही शस्त्रं पुजतो. कोयता, विळा, पाना, मोटरसायकल आणि हे. फौजेत ज्या माणसानं नळीत धुळीचा कण दिसला म्हणून जवानांना मैदानाभोवती पळवलं, तोच माणूस घरी सोवळं नेसून, पिस्तुलाची पाठ उघडून, त्याला दरसाल वाटीभर खोबरेल पाजत होता. वर हळद-कुंकू, वर अक्षता. एखाद्या रंगरुटानं हे केलं असतं तर आप्पांनी त्याला उलटा टांगला असता.

"आप्पा, तुम्हीच बुजवलंय हे."

"देवाचं हाय ते."

"मग देवाची पिन अडकलीय."

रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून मोटरसायकलमधलं पेट्रोल काढलं. काकीचं चाललंच होतं, "पुजलेल्या वस्तूला पेट्रोल लावतायसा. पाप लागंल." वाटीत लाल पाणी उतरत गेलं. पुन्हा जोडलं, पेन्सिल घातली, घोडा दाबला. पेन्सिल सण्णकन उडाली, पंख्याला आपटली आणि काकीच्या पुढ्यातल्या तांदळाच्या सुपात पडली. काकीनं ती उचलून शांतपणे केसांत खोवली. "आता हे ठाण्यात जात न्हाय म्हणायचं," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला लागली.

मेळाव्याला व्याही पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसले होते. आप्पा उभे राहिले. छाती पुढं, पोट त्याच्याही पुढं. पहिली गोळी खणखणीत वाजली. दुसरी वाजली. तिसरी. सगळी मॅगझिन रिकामी झाली, कुठंही अडलं नाही. ज्या पिस्तुलावर मी आयुष्यभर थुंकलो ते कवायतीतल्या जवानासारखं चाललं.

आप्पांच्या फळीवरचा कागद मात्र कोरा होता. सगळ्या गोळ्या मागच्या मातीच्या ढिगात. एक शेजारच्याच्या कागदाला लागली होती. तो बिचारा आभार मानत होता.

मी व्याह्यांच्या टोमण्याची वाट बघत बसलो. आनंदानं, खोटं कशाला बोलू? व्याही उठले, आप्पांजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. "वाजलं की हो आप्पा. लई झ्याक वाजलं." आणि परत खुर्चीत जाऊन बसले. त्यापेक्षा त्यांनी मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं.

प्रतिज्ञा पुरी झाली, पिस्तूल राहिलं. येताना संकेश्वर आलं. आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पिस्तूल चांगलं निघालं रं." तक्रार केल्यासारखं म्हणाले.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर शस्त्रं मांडली. काकीनं बोटानं वरच्यावर कुंकू टेकवलं आणि तेलाची वाटी मुद्दाम लांब ठेवली. आप्पांनी पिस्तूल उचललं, रिकामं असल्याचं बघितलं, पाठ उघडली. मग वाटीकडं हात केला. हात पोचत नव्हता.

"आतनं नगं घालू म्हणालतं की हे पोरगं," काकीनं माझ्याकडं बोट केलं. पोरगं म्हणजे मी. पन्नाशी उलटलेला.

"देव हाय तो," आप्पा म्हणाले. "उपाशी ठेवायचा न्हाय."

मी वाटी पुढं सरकवली. आप्पांनी डोळे मिटून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत सगळं तेल आत सोडलं. चिमूटभर कुंकू, वर अक्षता.

परवा खानापूरहून फोन आला. व्याह्यांनी विचारलं असणार, या वर्षी मेळाव्याला येणार ना? "कसलं येतोय!" आप्पा गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "पिस्तूल बिघडलंय की हो!" बिघाडाची बातमी इतक्या उत्साहानं दिलेली मी कधी ऐकली नव्हती.

काल संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं की पूर्वी ते पतंगाच्या दोऱ्याची नुसती गाठ उडवत, दोऱ्याला धक्का न लावता.