‘ब्रेक लागला’ म्हणणारी माझी ओळ

कुरुळी गावच्या त्या ऑपरेटरला घरी बसवायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि त्याच्या विरुद्ध साक्ष होती ती मी लिहिलेल्या एका ओळीची.

चाकणच्या त्या कारखान्यात जड भाग उचलून ठेवणारा एक यांत्रिक हात होता. त्याचं सॉफ्टवेअर पिंपरीच्या ऑफिसात मीच लिहिलेलं. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद केलं की ब्रेक त्या हाताला वरच धरून ठेवतो. ऑपरेटर म्हणायचा, धरत नाही. सगळे गेले की तो हळूच खाली येतो. सुपरवायझर म्हणायचा, हाच बटणाशी खेळतो आणि वर भुताच्या गोष्टी सांगतो. निकाल लावायला मला बोलावलं.

मी तोऱ्यातच गेले. लॉग उघडला, म्हणजे आपण काय काय केलं ते मशीन ज्यात लिहून ठेवतं ती फाइल. रोज दुपारी, न चुकता: ब्रेक लागला. मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली आणि म्हटलं, काका, मशीन खोटं बोलत नाही. ते आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

तो चिडला नाही. मला खांबापाशी घेऊन गेला. तिथे खडूच्या रेघांच्या जोड्या होत्या. वरची रेघ सुट्टी होताना हात जिथे होता तिथली, खालची परत आल्यावरची. रोजची एक जोडी.

"मॅडम, खोटं बोलून मला काय मिळणार हाय? आज तुमी हितंच थांबा."

थांबले. मशीन बंद झालं, पंखे बंद झाले, माणसं कॅन्टीनला गेली. भरदुपारी ती शेड इतकी गप्प झाली की मला माझा श्वास ऐकू यायला लागला. मी हातावरची नजर काढली नाही. घड्याळाचा तासकाटा हलताना कधी दिसतो का? तसंच. आवाज नाही, थरथर नाही, आणि बघता बघता तो रेघेच्या दोन बोटं खाली. स्क्रीनवर माझी ओळ तशीच: ब्रेक लागला. आईशप्पथ, अंगावर काटा आला.

तिथेच लॅपटॉप उघडून कोड वाचला. ब्रेक बसला की त्याच्याकडून परत एक सिग्नल येतो. त्याची वाट बघायची सोडून मी हुकूम पाठवायच्या आधीच ती ओळ छापत होते. घाईत लिहिलं, चाललं, राहिलं. ब्रेक झिजलेला, आणि माझा लॉग रोज बिनदिक्कत ‘लागला’ म्हणतोय. सुपरवायझरसमोर मी काकांची माफी मागितली आणि ओळ बदलली: ब्रेकला हुकूम दिला, उत्तर आलं नाही, हाताखाली जाऊ नका.

मग आठवलं, हेच सॉफ्टवेअर आणखी तीन ठिकाणी चालतंय. एकेका ठिकाणी फोन लावला, हाताखाली कोणी आहे का एवढंच विचारायला. दोन ठिकाणी कोणी नव्हतं. तिसऱ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, "लॉगमध्ये ब्रेक लागलेला दिसतोय, मॅडम. म्हणून तर फिटरला आत पाठवलाय."

आधी त्याला बाहेर काढा, म्हटलं. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, पावलं लांब गेली, आणि बराच वेळ काहीच नाही. फिटर धडधाकट बाहेर आला. तिथला ब्रेक नंतर ठणठणीत निघाला. पण त्या वेळी ते मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्या लॉगलाही नव्हतं.