बंद ऑफिसची हजेरी

सन १९९१. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि कुकटपल्लीचा फोन सकाळपासून माझं डोकं खात होता.

"शिंदे, तुम्हारा मशीन सो गया!" तिथले मॅनेजर प्रसादगारू, म्हणजे आपल्याकडचे प्रसादराव, ओरडत होते. "एक पावती निघायला माणूस चहा पिऊन परत येतो. पब्लिक काच फोडणार माझी!"

मशीन झोपलं नव्हतं. मशीन वाट बघत होतं. कोणाची, ते मला ठाऊक होतं, सिस्टीमवाल्या वेणुगोपालला ठाऊक होतं, आमच्या रेड्डी साहेबांनाही ठाऊक होतं. ज्या ऑफिसची वाट बघणं चाललं होतं त्याला कुलूप लागलेलं होतं. वैताग होता तो याचा.

आधी थोडं समजावून सांगतो. आमचं बिलं गोळा करणारं महामंडळ. कोठीला हेड ऑफिस आणि तिथं काचेच्या खोलीत मेनफ्रेम. मेनफ्रेम म्हणजे एकच मोठा कॉम्प्युटर, सगळ्या शहराचं काम त्याच्यावर. बाकी ऑफिसांत नुसते टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. अक्कल सगळी कोठीला. मधे टेलिफोन खात्याकडून भाड्यानं घेतलेली लाइन, आणि त्या एका लाइनवर सगळी ऑफिसं लटकलेली. सगळे एकदम बोलले तर कालवा होईल, म्हणून मशीन शाळेतल्या मास्तरासारखं हजेरी घ्यायचं. कुकटपल्ली, काही आहे? सिकंदराबाद, काही आहे? याला पोलिंग म्हणतात. चालू टर्मिनल "काही नाही" म्हणालं तरी झटक्यात पुढचं नाव. पण उत्तरच नाही आलं, तर मशीन थांबायचं. पुन्हा विचारायचं. पुन्हा थांबायचं. बेगम बाजारचं टर्मिनल कुलपात, तरी दर फेरीला त्याला हाक. आणि तेवढा वेळ कुकटपल्लीचा माणूस खिडकीपाशी ताटकळत.

मग नाव काढून टाका की, असं तुम्ही म्हणाल. मी पण तेच म्हटलं. मी सातवी शिकलेला माणूस. केबलचे खड्डे खणायला खलाशी, म्हणजे बिगारी, म्हणून लागलो आणि लाइन सुपरवायझर झालो. मला सरळ गोष्ट सरळच दिसते.

पण ती वर्षं पुनर्रचनेची होती. रोज नवा हुकूम. हे ऑफिस त्यात मिळवा, ते सर्कल तोडा. त्यातलाच एक हुकूम असा, की ज्या ऑफिसचं नाव कॉम्प्युटरवर आहे त्याच्या पोस्ट कायम. नाव गेलं की तिथला माणूस सरप्लस, आणि सरप्लस माणूस थेट जिल्ह्याला.

बेगम बाजारच्या नावावर एकच माणूस उरलं होतं. सुशीला वाघमारे, क्लार्क. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं. ऑफिस बंद झाल्यावर त्यांना माझ्या खोलीच्या दाराशी टेबल दिलेलं. काम काही नाही, येऊन बसायचं. त्यांच्या मुलाला ऐकू येत नव्हतं. इथल्या मूकबधिरांच्या शाळेत तो नुकता कुठं हातवारे शिकून आईशी बोलायला लागला होता. जिल्ह्याला अशी शाळा नव्हती.

"नाम नक्को निकालो, शिंदे," रेड्डी साहेब म्हणाले. "युनियन आ के मेरे सर पे बैठती. स्पीड बढ़ाव."

"साहेब, कैसा बढ़ाव?"

"वो तुम देखो. सुपरवायझर कायकू बनाए तुमकू?"

वेणुगोपालनं तोड काढली. म्हणाला, हजेरीत एकाच ऑफिसचं नाव दोनदा घालता येतं. कुकटपल्लीला गर्दी जास्त, तिला एका फेरीत दोनदा विचारू.

मी म्हटलं, "एका पोराचं नाव दोनदा घेणारा मास्तर मी जन्मात बघितला नाही."

"शिंदेगारू, तुम्ही मास्तर तरी किती बघितले?"

खोली हसली. मी पुढं किती तरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोललो. पण खोटं कशाला सांगू, ती युक्ती चालली. कुकटपल्लीचा फोन बंद झाला.

आठवडा गेला असेल नसेल, सिकंदराबादचे मॅनेजर स्वतः येऊन उभे. "कुकटपल्ली क्या दामाद है तुम्हारा? हमकू भी दो बार पूछो." त्यांचं नाव दोनदा केलं. मग मेहदीपट्टणम. मग कोठीचा आमचाच काउंटर, जो माझ्या खोलीच्या बरोब्बर खाली होता. कोणाचा मेहुणा वर होता, कोणाचा साडू. शेवटी सगळ्यांची नावं दोनदा झाली. त्यावर युनियननं पत्र दिलं, की बेगम बाजारशीच भेदभाव का? रेड्डी साहेबांनी सही केली.

म्हणजे आता बंद ऑफिसला दोनदा हाक आणि दोनदा वाट. फेरी दुप्पट लांब. कुकटपल्ली होती तिथं परत. मी डोक्याला हात लावला. रेड्डी साहेब म्हणाले, "सबकू बराबर मिल रहा ना? फिर?"

कुकटपल्लीची काच अखेर फुटली. बिल भरायला आलेल्या कोणीतरी हात आपटला आणि तिथल्या क्लार्कच्या मनगटाला टाके पडले. एम.डी.नी रेड्डी साहेबांना बोलावून धुतलं. साहेब तसेच माझ्या दारात आले.

"शाम तक बेगम बाजार काटो. आज के आज."

दारात म्हणजे सुशीलाबाईंच्या टेबलाशेजारीच. साहेब गेले आणि बाई उठून आत आल्या. रडल्या नाहीत. चिडल्या होत्या.

"शिंदेभाऊ, माझ्या नावानं काचा फुटतात म्हणे. मी काय केलं हो?"

मी पण तापलेला. "तुम्ही काही केलं नाही बाई, तीच तर रड आहे! मशीन विचारतंय आणि तुमचं ऑफिस उत्तर देत नाही."

"ऑफिस म्हणजे कोण? मीच उरलेय ना? मी इथं दिवसभर बसलेय. मला विचारा म्हणावं त्याला. काही नाही म्हणून मी सांगते."

"असं नसतं बाई," मी म्हटलं आणि वेणुगोपालकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता.

"चालेल?" मी विचारलं.

"चालेल की," तो म्हणाला. "टर्मिनल कुठं ठेवलंय हे मशीनला कुठं दिसतं? लाइन आपल्याच बिल्डिंगीतून निघते. पण शिफ्टिंगची परमिशन..."

"परमिशन आली की मला उठव."

बेगम बाजारला ऑटो केली. मिरचीच्या पोत्यांमधून शिंकत जिना चढलो. वॉचमन आडवा आला. "आर्डर है क्या?"

"मैंच आर्डर," म्हटलं. टर्मिनल आणि मोडेम छातीशी धरून आणलं, सुशीलाबाईंच्या टेबलावर मांडलं, लाइन जोडली. बाईंनी भिंतीवरचं बटण दाबलं. बेगम बाजारनं उत्तर द्यायला सुरुवात केली. काही नाही. काही नाही. काही नाही. प्रसादगारूंचा फोन आला, पण आवाज हळू. "शिंदे, क्या किया रे बाबा? खिडकी रिकामी झाली."

रेड्डी साहेब आले. टर्मिनल बघितलं. "किसकू पूछ के लाए? मेमो देतूँ तुमकू."

"द्या साहेब. मेमो टांगायच्या खिळ्याला अजून जागा आहे."

मेमो दिला. नाव मात्र कापा म्हणाले नाहीत. पुढं पुनर्रचनेच्या अहवालात बेगम बाजार सगळ्यात कार्यक्षम ऑफिस ठरलं. ताबडतोब उत्तर, तक्रार शून्य. बाकीच्यांनी त्याचा आदर्श घ्यावा म्हणे. बाईंची पोस्ट पक्की झाली, पोरगा त्याच शाळेत शिकला. मी एवढंच शिकलो, की "नाही" म्हणणाऱ्यापायी कधी लाइन अडत नाही. गप्प बसणाऱ्यापायी अडते, मग ते टर्मिनल असो की साहेब.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी बाई घरी जाताना शिस्तीत बटण बंद करून गेल्या. कुकटपल्लीची खिडकी त्या यायच्या आधी उघडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पाय ठेवतो तर फोन खणखणतोय. उचललाच नाही. स्क्रूड्रायव्हर घेतला, मेन बंद केला, भिंतीच्या बोर्डातून बटणच उपटलं, वायर थेट जोडली आणि वर पट्टी मारली.

बाई आल्या. भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या.

"शिंदेभाऊ, बटण कुठं गेलं?"

"पुनर्रचनेत गेलं," मी म्हटलं. "बसा."