सालींचा सोमवार

माझ्या सासूबाईंचा दिवस संशयाने उजाडतो. दूध आलं की आधी थेंबभर नखावर घेऊन बघतात. इस्त्रीवाल्याने कपडे वेळेवर आणले तर नीट केलेले नसणार, उशिरा आणले तर कोणीतरी घालून मिरवलेले असणार. बाजारात माशाचा कल्ला उघडून बघितला तरी त्यांचं समाधान होत नाही. मग त्या पुतळाबाई कोळणीच्या तोंडाकडे बघतात. पुतळाबाई वर्षानुवर्षं हे सोसते आहे. "राधाबाय, तू तुज्या सावलीकडंपन पावती मागशील," म्हणते.

लग्न होऊन लालबागच्या या चाळीत आले तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा. साखरेचा डबा हलका झाला की बाई आधी डब्याकडे आणि मग माझ्याकडे बघायच्या. राग अजूनही येतो. पण एक कबूल करायला हवं, त्यांचा संशय फुकटचा नाही. गिरणी बंद पडली तेव्हा "दोन महिन्यांत भोंगा वाजेल" असं सांगणाऱ्यांवर सासऱ्यांनी विश्वास ठेवला. भोंगा वाजला नाही. सासूबाईंनी खानावळ काढली, वीस-वीस माणसांना जेवू घातलं आणि त्यावर हितेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिकवलं. पुढे हितेंद्रला कंपनीकडून घरभाडं मिळणार म्हणून आम्ही मोठी जागा बघायला गेलो. त्याच गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर होता तो. सासूबाई हौसेने सोबत आल्या. तिथल्या सेक्रेटरीने आमचं आडनाव ऐकलं, गाव विचारलं आणि गोड आवाजात म्हणाला, "नॉनव्हेज खाता का?" आम्ही हो म्हणालो. जागा त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला दिली गेली होती म्हणे.

आमची मुलगी मनवा तेव्हा साडेतीन वर्षांची होती. महिन्याभरात तिची शाळेची मुलाखत होती. आठवडाभर सासूबाई रोज तिला स्वयंपाकघरात घेऊन दार लोटून काहीतरी पढवत होत्या. मला वाटलं, रंगांची नावं असतील. ॲडमिशन मिळाली आणि मी ते विसरून गेले.

आता मनवा पाचवीत आहे. या वर्षी तिला तेजस्वी मिस आल्या. युनिव्हर्सिटीतून पर्यावरणाचं शिक्षण घेतलेली तरुण मुलगी. तिने मागच्याच वर्षी शाळेच्या मागच्या अंगणात खताचा खड्डा केला होता. दर सोमवारी मुलांनी घरून भाजीच्या साली, देठं डब्यातून आणायची. ज्याने आणलं त्याच्या नावाच्या फांदीला, वर्गाच्या भिंतीवरच्या कागदी झाडावर, एक हिरवं पान लागायचं. मासळी, हाडं आणि शिजवलेलं अन्न मात्र चालणार नाही, असं बजावून सांगितलेलं.

झालं. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच.

"माका ह्या काय बरा दिसत नाय, दर्शना. कचरो बघितलो की घरातला माणूस कळता. आणि सोमवारच कशाक? आयतवारी कोणाच्या घरात काय शिजला ता कळाक."

"आई, खत करतायत ते. गुप्तहेर खातं नाही काढलेलं," मी म्हटलं.

"खत खंय जाता मगे? शाळेच्या ट्रस्टीच्या बंगल्यात?"

पहिल्या महिन्यात मनवाच्या फांदीवर एकही पान लागलं नाही, कारण आमच्या घरात साली उरतच नाहीत. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, कोथिंबिरीची देठं वाटणात. खानावळवाल्या बाईचा हात आहे तो. उरतं काय, तर रविवारच्या मासळीचे काटे, आणि ते शाळेला नकोत. मग पोर गॅलरीतून दारोदार फिरायला लागली, "काकू, साली आहेत?" सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीला वाटेल, राधाबाईंच्या घरी भाजी शिजत नाही.

आणि मग एका रविवारी मनवाने ताट पुढे सरकवलं.

बांगड्याची कढी होती, सोबत तळलेली तुकडी. ही पोर दात आल्यापासून आजीच्या मांडीवर बसून काटे काढलेला बांगडा खाते. कढीच्या वासाने खेळ सोडून धावत येते.

"मला मासे नको. मी सोडले," ती म्हणाली आणि वरणभात मागितला.

"तुका कोण काय बोलला?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

त्या रविवारी सासूबाई जेवल्या नाहीत. पुढचे दोन दिवस संशयाची चक्की चालू राहिली. ट्रस्टी झाला, मुख्याध्यापिका झाली, बाकावर शेजारी बसणाऱ्या श्रेयाची आई झाली. सगळ्यांवरून फिरून गाडी तेजस्वी मिसवर थांबायची. "पोरीक खुळी केल्यान," असं म्हणत सासूबाई रात्री अंथरुणावर बसून राहायच्या. खरं सांगते, पहिल्यांदा मलाही त्यांचं पटायला लागलं. मला तो गोड आवाजाचा सेक्रेटरी आठवत होता. आपल्या पोरीला तिच्या आजीच्या हातचं ओकारी आल्यासारखं वाटावं असं कोणी शिकवत असेल, तर त्याची मी पण गाठ घेणार होते.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघी मधल्या सुट्टीत शाळेत धडकलो. सासूबाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"बाई, माझ्या नातीला मासे खाऊ नको म्हणून कोणी सांगितलं?"

तेजस्वी मिस जेवत होत्या. त्यांनी गोंधळून आमच्याकडे बघितलं आणि मग स्वतःचा डबा आमच्यापुढे सरकवला. सुक्या बोंबलांची चटणी आणि तांदळाची भाकरी.

"आजी, मी कोळीवाड्यातली. मी कशाला सांगू असं?"

सासूबाईंनी वाकून डबा बघितला. चक्क वासही घेतला.

"मगे खड्ड्यात काटे कशाक नको?"

"मागच्या वर्षी टाकायचो ना. कोलंबीच्या सालींसाठी गटारातल्या घुशी आल्या, सगळा खड्डा उकरून ठेवला. मुलं तिकडे फिरकेनात. म्हणून बंद केलं."

"आणि सोमवार?"

"रविवारी घरी सगळे असतात, भाजी जास्त निवडली जाते. एवढंच हो." मिस जरा थांबल्या. "पण मनवा मासे खाते? तिने वर्गात सांगितलं, आमच्या घरी चालत नाही. रविवारी कोणाच्या घरी काय उरतं ते मी सगळ्यांना विचारलं होतं. अर्ध्या वर्गाने मासळीच सांगितली."

घरी येईपर्यंत सासूबाई माझ्यापुढे चार पावलं चालत होत्या. मनवा शाळेतून आली तशी त्यांनी तिला समोर बसवलं.

"मिसशी खोटा कित्याक बोललंस?"

मनवा रडवेली झाली. "तूच सांगितलेलंस ना आजी. शाळेत कोणी विचारलं तर म्हणायचं, आम्ही भाजीच खातो. नाहीतर शाळेतून काढतात. आणि मग मी तसं सांगून टाकलं, म्हणून खायचं सोडलं. म्हणजे खोटं नाही होणार."

स्वयंपाकघराचं लोटलेलं दार मला तेव्हा आठवलं. सासूबाईंना चिमटीत पकडायची अशी संधी मला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. पण त्यांच्या तोंडाकडे बघून माझी जीभ रेटेना. त्या नुसत्या लुगड्याचा काठ चोळत बसल्या होत्या.

शुक्रवारी पहाटे तळणीचा वास आला. सासूबाई मनवाचा डबा भरत होत्या. झाकण लावून त्यांनी तो तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"कोणी इचारल्यान तर सांग, आजयेन दिल्यान."

दिवसभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, हे मला संध्याकाळी शेजारणीने सांगितलं. मी कामावरून आले तेव्हा मनवा नुकतीच क्लासवरून येऊन दप्तर उघडत होती. सासूबाईंनी आधी डबा हिसकावला. रिकामा. साहजिकच त्यांना वाटलं, पोरीने वाटेत टाकून दिला. तेवढ्यात मनवाने कागदाची एक पुडी काढली.

"काटे आहेत. खड्ड्यात चालत नाहीत ना, म्हणून मिस म्हणाल्या घरी न्या."

सासूबाईंनी पुडी दिव्याखाली नेली, चष्मा लावला आणि काटे उलटसुलट करून बघितले. मांजरीनेसुद्धा इतके साफ केले नसते.

"सगळा तूच खाल्लंस?"

"एक तुकडी श्रेयाने घेतली. कोणी केलं विचारत होती. मी तुझं नाव सांगितलं."

सासूबाई पुडी तशीच हातात घेऊन मोरीत गेल्या, आमच्याकडे पाठ करून त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि नळ सोडला. "आजी, पाणी वाया जातंय," मनवा दोनदा ओरडली. त्यांनी नळ बंद केला नाही, आणि मी मनवाला गप्प राहायला सांगितलं.