कोपरा फाटलेलं पाकीट

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सरहद्दीवरच्या डोंगरांत लढाई पेटली, तेव्हा मंगळवार पेठेत माझा तोरा बघण्यासारखा होता. थोरले दीर फौजेत जनरल! भाजीवालीला मी ऐटीत सांगायचे, "भाऊजींचं पत्र येऊ दे, मग सांगते लढाई कधी संपणार ते." जशी काही लढाई मला विचारूनच थांबणार होती.

भाऊजी आईला लिहायचे ते तिच्या गुडघ्यांविषयी, परसातल्या पपईविषयी. लढाईचं एक अक्षर नाही. शेवटी ठरलेली ओळ : 'पोरगा ठीक आहे.' त्यांचा मुलगा तिकडंच, नवाकोरा लेफ्टनंट, पार वरच्या चौकीवर.

मग पत्रं थांबली. बऱ्याच दिवसांनी पाकीट आलं, ते एक कोपरा फाटलेलं. आमच्याकडं मयताचं पत्र कोपरा फाडून धाडायची रीत. ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचं. मी शहाणीनं पाकीट कट्ट्यावर दगडाखाली ठेवलं आणि न वाचताच सुतकाच्या आंघोळीला पाणी तापत ठेवलं. बी.ए. झालेली बाई, बरं का!

सासूबाई बाहेर आल्या. "का रडाय लागलीस गं?"

"आत्याबाई, भाऊजी..." मी पाकिटाकडं बोट केलं.

त्यांना वाचता येत नव्हतं, पण लेकाच्या अक्षराचं वळण ओळखायच्या. "ह्यो पत्ता त्यानंच घातलाय की! मेलेला माणूस सोताच्या मरणाचं पत्र लिवतोय व्हय, येडे?"

मी नाक ओढत हसले. आणि हसता हसता बघितलं, तर त्यांचाच चेहरा पांढरा पडलेला.

"मग पोराचं असंल," त्या म्हणाल्या आणि कट्ट्यावर बसल्या.

माझा हात पुढं होईना.

"मग काय त्या दगडाकडनं वाचून घिऊ? वाच की!"

पत्रात मयत नव्हतं. पण ठरलेली ओळही नव्हती. भाऊजींनी लिहिलं होतं : 'आई, पोराची खबर नाही. मी एक फोन लावला तर कळेल. पण इथल्या प्रत्येक जवानाच्या घरी एक आई बसली आहे, तिला असा फोन लावता येत नाही. म्हणून मीही लावत नाही. रागावू नकोस. मला भीती वाटते.'

शेवटचं वाक्य मी पुटपुटले. त्यांनी ते मोठ्यानं परत वाचायला लावलं.

"म्हंजे त्यालाबी ठावं न्हाय," एवढंच म्हणाल्या.

कोपरा बहुतेक टपालाच्या पोत्यात फाटला असेल. पण त्यानंतर पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मी आधी पाकिटाचे चारी कोपरे बघायचे. टीव्हीवर बातम्या लागल्या की मी मोरीत जाऊन धुतलेली भांडी उगाच पुन्हा घासायचे. भाजीला मी जाईनाच. ती बाई विचारील, आणि जनरलच्या भावजयीकडं सांगायला काही नाही.

अखेर पोराचंच पत्र आलं, पेन्सिलनं खरडलेलं : 'आजी, मी बरा आहे. बाबांचं पत्र नाही. ते ठीक आहेत ना?'

सासूबाई आधी हसल्या. "बाप-ल्योक एकाच डोंगरात, आन चवकशी मंगळवार पेठंत!" मग त्यांनी पोराचं पत्र मांडीवर सपाट केलं.

"घे कागद. दोघांस्नी लिव्ह."

मी उत्साहानं भाऊजींच्या पत्रात लिहायला लागले, 'पोरगा ठीक आहे.' त्यांनी माझं मनगट धरलं.

"तसं नगं. पोराचा ह्यो कागद तिथनं निघाला तवा त्यो बरा हुता, एवढंच लिव्ह. आजचं आपल्याला काय ठावं?"

मी तसंच लिहिलं. दोघांनाही.