पांढऱ्या थराखालची खुरं

भूजलाच्या सरकारी खात्यात मी विहिरी मोजायचे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ठरलेल्या विहिरींवर वर्षातून चार वेळा जायचं, काठावरून टेप सोडायचा, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. भूशास्त्र शिकलेल्या बायका खात्यात फार नव्हत्या. गावात जीप थांबली की लोक आधी ड्रायव्हरला 'साहेब' म्हणून नमस्कार करत.

माझं घर दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. वडील गँगमन होते. त्यांची आई गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची आणि कुणी वरून ओतेल तेवढं पाणी घागरीत घेऊन यायची. हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ऑर्डरचा कागद दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, "मोज. सगळ्या मोज."

एका मे महिन्यात वडगाव रासाईच्या पुढं, भीमेकाठच्या एका वस्तीवरून निरोप आला. विहिरीचं खोदकाम मध्येच थांबलंय, मजूर खाली उतरायला तयार नाहीत, कुणी जाणकार पाठवा. आमच्या साहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमच्या वाटेवरच आहे. गॅस वगैरे असेल, बघून या."

विहीर एका विधवा बाईंची होती. पन्नाशीच्या, उंच, उन्हानं रापलेल्या. त्यांचं घराणं मेंढरं घेऊन फिरणारं. त्या स्वतः लग्नानंतर दहा-बारा वर्षं कळपामागं चालल्या होत्या. मग मेंढरं गेली आणि कुटुंब नदीकाठी शेती करू लागलं. सगळी वस्ती त्यांना आक्का म्हणायची.

"कुठल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"दौंडची."

"दौंडात कुठं?"

हा दुसरा प्रश्न मला ओळखीचा होता. मी सरळ सांगितलं, कोण ते. त्यांनी मान हलवली, सुनेला हाक मारली आणि त्यांच्या हातात होता तसल्याच कपात मला चहा आला. मग आम्ही विहिरीकडं गेलो.

भर दुपार होती. काठावर माती उपसायची यारी उभी होती, तिचा दोर सैल लोंबत होता. मजूर लांब, बाभळीखाली बसले होते. तोंडाला फडकी बांधलेली. त्यांचा मुकादम, साठीचे आप्पा, एकटेच काठाशी उभे होते. उभ्या आयुष्यात त्यांनी नदीकाठानं विहिरीच खोदल्या होत्या.

"चार परसावर राख लागली," आप्पा म्हणाले. चार परस म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोली. "पांढरीफेक. पोरांचं डोळं सुजलं, घसा धरला. म्हनत्यात, मसनवट्यावर हीर धरली."

"कुणाची राख हाय, बाई?" आक्कांनी विचारलं. "तेवढं सांगा. कुणाची असंल तर मी हीर बुजवते."

मी यारीच्या बकेटात उभी राहिले आणि आप्पांनी मला खाली सोडलं. आधी काळी माती गेली, मग पिवळसर गाळाची माती. वरचे आवाज हळूहळू बंद झाले. माझ्या डोळ्यांसमोर तो थर आला तेव्हा मी दोर घट्ट धरला. विहिरीच्या चारी बाजूंनी, कुठंही न तुटता, कमरेएवढ्या जाडीचा पांढरा पट्टा फिरला होता.

तळाशी उतरून मी चिमूट उचलली. वास नव्हता. बोटांत चोळली तर बारीक कर्र आवाज आला. लाकडाची राख अशी वाजत नाही. उन्हाचा एक कवडसा आत उतरला होता आणि त्यात माझ्या हालचालीनं उडालेले कण चमचमत, न बसता, तरंगत राहिले. माझा घसा खरखरला. का कोण जाणे, मला खोकायची लाज वाटली. तिथं आवाज करू नये असं वाटत होतं.

मग मी खाली पाहिलं. मजुरांनी राखेचा थर खरवडून काढला होता आणि खालची तपकिरी मातीची जमीन उघडी पडली होती. त्या जमिनीवर पांढरे ठिपके होते. जोडीजोडीनं. वाकून पाहिलं तेव्हा कळलं की ती खुरं आहेत. ओल्या चिखलात उमटलेली आणि नंतर वरून पडलेल्या राखेनं काठोकाठ भरलेली.

मी वर आले आणि जे पाहिलं ते सांगितलं. आक्का यारीजवळ आल्या. त्यांनी पदर खोचला आणि बकेटात पाय ठेवला.

"आक्का, तुम्ही कशाला?" आप्पा म्हणाले.

"खुरं मला कळत्यात."

मीही त्यांच्याबरोबर पुन्हा उतरले. आक्का तळाशी उकिडव्या बसल्या आणि बोटानं एकेका ठशाची कड चाचपत गुडघ्यांवर पुढं सरकू लागल्या. बराच वेळ गेला.

"म्हस न्हाई. म्हशीपरीस लई मोठं जनावर हाय," त्या म्हणाल्या. "पाच हायत. न्हाई, सहा. हे पिल्लू, आईच्या पोटाखालनं चाललंय. हे एक मागच्या पायानं लंगडतंय. पान्याला आल्यात. घाई न्हाई, भ्यालेली न्हाईत."

त्या भिंतीपर्यंत गेल्या, तिथं थांबल्या आणि उलट फिरल्या. पुन्हा एकदा सगळा तळ पाहिला.

"बाई, जनावर पान्यावरनं त्याच वाटंनं माघारी फिरतं. कवाबी बघा. ही आलेली हायत. गेलेलं एकबी न्हाई."

मी म्हणाले, विहिरीचा घेर केवढा, त्याच्या बाहेरून गेली असतील. हे खरंच होतं. पण बोलताना माझी नजर त्या पांढऱ्या पट्ट्यावर होती. राखेत ठसा नव्हता, किड्याचं बीळ नव्हतं, मुळाची रेघसुद्धा नव्हती. तेवढ्या जाडीत कुणीही चाललेलं नव्हतं.

वर आल्यावर आप्पांनी मला बाजूला घेतलं. "आता सांगतो. ही राख मला आधीबी लागली हाय. सात हिरींत. नदीच्या दोन्ही अंगांनी. हाताखालच्यांना कळायच्या आत मी दगडी बांधकामात झाकून टाकायचो. कुनाला बोललो न्हाई."

"का नाही बोललात?"

"एवढं मोठं मसन कुनाचं असंल, म्हनून."

राखेची पुडी घेऊन मी पुण्याला, कॉलेजातल्या माझ्या सरांकडं गेले. त्यांनी चिमूटभर राख काचेवर पसरली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. मला फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे दिसले. स्वच्छ, वाकडे, धारदार. सगळी काचच होती.

"ज्वालामुखीची राख," सर म्हणाले. "आणि आपल्याकडची नव्हे. आपला काळा दगड लाव्ह्याचा, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, भेगांतून शांतपणे वाहत आलेला. ही फार अलीकडची आहे. सुमात्राची. महाराष्ट्रात नदीकाठी अशी आधीही सापडलीय." नक्की किती हजार वर्षांची, यावर तज्ज्ञांत वाद आहे, असंही ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी वस्तीवर गेले. आक्का, आप्पा आणि चार मजूर ओट्यावर बसले होते. समजावायचं कसं ते मला सुचेना. मग मी आक्कांच्या दोन घोंगड्या मागून घेतल्या, जमिनीवर अंथरल्या आणि एकीची कड दुसरीखाली सरकवू लागले.

"हा समुद्राचा तळ. ही वरची जमीन, सुमात्रा नावाचं मोठं बेट. तळ जमिनीखाली जातोय. वर्षाला दोन-तीन बोटं, लाखो वर्षं. जाताना समुद्राचं पाणी दगडात मुरवून नेतो. खोल गेल्यावर दाबानं ते पाणी निघतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. कोरडा असताना जो खडक वितळला नसता, तो पाण्यानं वितळतो."

"पान्यानं?" आप्पांनी विचारलं.

"पाण्यानंच. मग तो रस वर चढतो, जाड जमिनीखाली अडकून साठत जातो. त्यातूनच तिथं किनाऱ्याला धरून डोंगरांची रांग उभी राहिली. जुने विझतात, त्यांच्या शेजारी नवे उठतात. त्यातला एक फुटला. सबंध डोंगर उडाला. त्याची राख वाऱ्यानं समुद्रावरून इथवर आली."

वरची घोंगडी मधोमध फुगून आली होती.

"किती दीस पडली असंल?" आप्पा म्हणाले.

"काही दिवस. काही आठवडे. नक्की सांगता येत नाही. नंतर पावसानं आजूबाजूची राखही धुऊन नदीकाठी आणली असेल."

"म्हंजी तेवढं दीस सूर्य दिसला नसंल."

आक्का घोंगडीकडंच बघत होत्या. "ते सरकायचं आता थांबलं का?"

"नाही. आपण बोलतोय तेव्हाही सरकतंय."

त्यांनी वाकून खालची घोंगडी अलगद बाहेर ओढून घेतली, झटकली आणि घडी घातली.

विहीर पुरी झाली. पहिली कुदळ आक्कांनी स्वतः मारली, तेव्हा मजूर उतरले. खुरांची जमीन मात्र त्यांनी सगळी खोदू दिली नाही. एका कडेला हातभर पट्टी राखली आणि तिच्यावर दगडी पायरी बसवून घेतली. आणखी दोन परसांवर गोडं पाणी लागलं. आप्पांनी ती विहीर काठापासून पायऱ्यांसकट बांधून दिली आणि नदीकाठचं काम कायमचं सोडलं. शिरूरला मार्केट यार्डाजवळ ते मुलाकडं राहू लागले. मी त्या विहिरीचं नाव माझ्या यादीत घालून घेतलं आणि वर्षातून चारदा तिथं जाऊ लागले. काठावरून टेप सोडताना मी विनाकारण हळू बोलायचे. ड्रायव्हर हसायचा.

आठ-नऊ वर्षं गेली. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सातच्या सुमाराला दौंडच्या घरी फोन वाजला. आक्का होत्या.

"बाई, हिरीचं पानी हलतंय."

"मोटार चालू आहे का?"

"मोटारच चालू करायला गेले हुते. वारा न्हाई, काय न्हाई. पानी पायरीवर चढतंय, मग खाली जातंय, पुन्यांदा चढतंय. आवाज न करता. माझ्या डोळ्यांसमोर."

मी म्हणाले, जवळपास कुठं भूकंप झाला असेल, काठापासून लांब राहा. आमच्या घरी तर कप-बशीही वाजली नव्हती. तासाभरानं वडिलांनी टीव्ही लावला. पट्टीवर सुमात्रा हे नाव वाचलं आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग दुपारपर्यंत लाटेची बातमी आली. तमिळनाडू, अंदमान. आकडा दर अर्ध्या तासानं बदलत होता.

इतक्या मोठ्या भूकंपाच्या लहरी हजारो मैल जातात आणि विहिरींचं पाणी हलवतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यात नवल काहीच नाही, असं मी एसटीत बसून स्वतःला सांगत राहिले.

पोचले तेव्हा पाणी स्थिर होतं. पायऱ्यांवर, वीतभर उंचीपर्यंत, पांढरी साय धरली होती. बांधकामाच्या सांध्यांतून बाहेर आलेली. मी टेप सोडला. पातळी नेहमीसारखीच होती.

आक्का काठाशी बसल्या होत्या. घरातून टीव्हीचा आवाज येत होता.

"तुम्ही तवा ह्योच मुलूख सांगितला हुता न्हवं?"

"हो."

"तवा जनावरं हुती," त्या म्हणाल्या. "आज मान्सं."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. ऊन उतरेपर्यंत दोघींपैकी कुणीच पाण्याकडं पाठ केली नाही.

आक्कांनी त्या विहिरीचं सुतक पाळलं. तेरा दिवस मोटार चालू करू दिली नाही. कांद्याला पाणी हवं होतं, मुलगा चिडला, भाऊबंदांनी येऊन समजावलं. त्या नदीवरून हंड्यानं पाणी आणत राहिल्या. आमच्यात सुतक पाळत नाहीत. मी घरी मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं, पण म्हणताना कुणाला आठवायचं ते समजेना. चेहरे कुणाचेच माहीत नव्हते. डोळे मिटले की खुरंच दिसायची, पुढं पुढं जाणारी.

मी ऑफिसात टिपण दिलं. साहेबांनी चष्मा वर केला. "पातळी आधीची आणि नंतरची सारखीच आहे. मग झालं काय?"

"पाणी हललं, सर. सकाळी."

"पाहिलं कुणी?"

"विहिरीच्या मालकीणबाईंनी."

त्यांनी टिपण फायलीला लावलं, पण तक्त्यात शेरा घेतला नाही. आजही त्या विहिरीच्या तक्त्यात तो डिसेंबर इतर डिसेंबरांसारखाच आहे.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली. काम समजावून द्यायला मी नव्या माणसाला घेऊन सगळ्या विहिरी फिरले. आक्का तेव्हा मुलीकडं गेल्या होत्या. त्यांची भेट झाली नाही ती नाहीच. त्या नव्या माणसानं काठावरून आत डोकावून पाहिलं, वही उघडली आणि विचारलं, "मॅडम, हिच्यात काही विशेष?"

मी सांगायला तोंड उघडलं. तो पेन घेऊन वाट बघत होता.

"एकटे उतरू नका," मी म्हणाले.

"का बरं?"

"पायऱ्या शेवाळल्यात."

त्या खरंच शेवाळल्या होत्या. त्यानं तसं लिहून घेतलं आणि आम्ही पुढच्या गावाला निघालो.