नाक्यावरचा सत्कार

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. तिथे माझ्या लेकीचं घर आहे, आणि जिथे लेक नांदते त्या गावाविषयी चारचौघांत वाकडं बोलू नये, एवढं मला कळतं. एवढंच सांगते की तिथली माती लाल आहे, मका माणसाच्या डोक्यावर जातो, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, आणि पोलीस गाडी अडवतो तेव्हा आधी तब्येत विचारतो. तुम्ही बऱ्या आहात ना, घरचे बरे आहेत ना, झोप नीट लागली ना. एवढं विचारून झालं की मग कागद मागतो. कागद बरोबर निघाले की बिचारा उदास होतो.

लेकीला दिवस गेले तेव्हा रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे जाफराबादला व्हायचं होतं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायचं नाही म्हणून बजावलं. मग आम्ही माहेरच उचलून तिकडे नेलं. माहेर म्हणजे मी, माझे मालक आणि डिंकाचे लाडू. जावई बियाण्याच्या कंपनीत आहेत. त्यांचे प्लॉट दूर, आणि कणसं भरायच्या दिवसांत त्यांचा मुक्काम तिकडेच. मोठा दवाखाना लेकीच्या गावापासून तास-दीड तास. ऐनवेळी गाडी चालवणार कोण? ह्यांना ट्रॅक्टर येतो, पण ट्रॅक्टरवर पोटुशी बाई नेत नाहीत. राहिले मी. आमची पिकअप कापूस भरून मीच भोकरदनला नेते, त्यामुळे मला स्टिअरिंगचं भय नाही. परदेशात चालवायचा परवाना जालन्याहून काढून घेतला. त्यावरच्या फोटोत माझ्या डोक्यावर पदर आहे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आहे, आणि फोटोवाल्याने हसू नका म्हटल्यामुळे चेहरा असा आहे की पाहणाऱ्याने दोन पावलं मागे सरकावं.

इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी आजवर कुणाला चिरीमिरी दिलेली नाही. त्यात तत्त्वबित्त्व काही नाही, मला राग येतो, एवढंच. रस्त्यात कुणी हात आडवा केला की मी इंजिन बंद करते, खाली उतरते आणि कुठला नियम मोडला ते विचारते. अशा आवाजात विचारते की मागच्या जिपांतले लोक उतरून ऐकायला येतात. त्या वेळी हे सीटवर अंग चोरून बसतात आणि जणू माझ्या गाडीत फुकट बसलेलं गिऱ्हाईक आहेत असं तोंड करतात.

ह्यांचा स्वभाव वेगळा. हे एकदा उपसरपंच होते. त्याला जमाना झाला, पण सत्काराची हौस गेली नाही. आमच्या भागात सत्कार कुणाचाही होतो. साहेब बदलून आला म्हणून, बदलून चालला म्हणून, पोरगा पास झाला म्हणून, आणि कुणी नुसताच रस्त्याने जाताना हाती लागला म्हणूनसुद्धा. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. त्यातली एकही शाल कुणी पांघरत नाही. ती ट्रंकेत जाते आणि पुढच्या सत्काराला बाहेर निघते. पिंपळगाव रेणुकाईला आम्ही दिलेली एक शाल राजूरच्या कार्यक्रमात ह्यांच्याच खांद्यावर परत आली होती. तिच्यावरचा हळदीचा डाग मी ओळखला. विमानात बसताना ह्यांच्या बॅगेत सदऱ्यांपेक्षा शाली जास्त निघाल्या तेव्हा मी कपाळाला हात लावला. हे म्हणाले, परक्या मुलखात कधी कोण भेटेल सांगता येत नाही.

तिथे दवाखान्याच्या वाटेवर एक नाका होता. बांबूचा अडसर, एक टपरी, केळी विकणाऱ्या बाया आणि एक साहेब. साहेब पोटाने भरदार, गणवेशाला कडक इस्त्री, आणि बोलणं इतकं गोड की आपण पाहुणे म्हणून आलोय असं वाटावं. लेकीला तपासायला नेत होते तेव्हा त्यांनी पहिल्यांदा अडवलं. तिकडे वयाने मोठ्या बाईला सगळे मम्मा म्हणतात. मम्मा, तब्येत कशी आहे, असं सुरू झालं. मग आग विझवायचं नळकांडं मागितलं, ते मी दाखवलं. बंद गाडीमागे ठेवायचा लाल त्रिकोण मागितला, तो दाखवला. जावयांनी सगळं भरून ठेवलं होतं. साहेबांनी गाडीला दोन चकरा मारल्या, टायरला बुटाने ठोकलं, काही सापडेना. शेवटी परवाना हातात घेऊन ते माझ्याकडे बघत राहिले. फोटोतली बाई आणि मी एक नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. मी पंजाबी ड्रेस घातला होता, डोक्यावर जावयांची टोपी, डोळ्यांवर लेकीचा काळा चष्मा. पण ते हसत हसत म्हणाले की उन्हाचं काहीतरी थंड प्यायला मिळालं तर ओळख पटेल. मागून हे हळूच बोलले, "देऊन टाक न काहीतरी. मंग जल्दी जाऊ."

मी इंजिन बंद केलं. खाली उतरले, टोपी काढली, चष्मा काढला, ओढणी डोक्यावर घेतली आणि फोटोत आहे तसं तोंड केलं. केळीवाल्या बाया हसायला लागल्या. मग मी साहेबांना थोडं इंग्रजीत आणि बरंचसं आपल्या भाषेत सुनावलं. काय सुनावलं ते लिहीत नाही, पण बायांना भाषा न कळताही मजकूर कळला. साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी परवान्याची घडी केली, वरच्या खिशात टाकली, बटण लावलं, आणि डोकं थंड झालं की या म्हणाले. दवाखान्यापर्यंत टपरीवाल्याच्या भाच्याला चालवायला बसवून गेलो आणि तसेच परत आलो.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, राग घरी ठेवून यायचं ठरलं व्हतं न आपलं?" ती हसत होती, पण पाय सुजलेले, श्वास लागत होता, आणि दिवस भरत आले होते. जावयांना यायला अजून आठवडा होता. परवान्याशिवाय मी त्या नाक्यावरून गाडी काढली तर गाडीच अडकवतील. पहिल्यांदाच मला माझ्या तोंडाची भीती वाटली. तरी मी ह्यांना सांगितलं, "कागद बराबर हायेत. एक दमडी न्हाई देणार."

हे कूस बदलून झोपले. सकाळी उठून पाहते तर दाढी करून, कडक पांढरे कपडे घालून तयार. बॅगेतून सगळ्यांत भारी शाल निघाली होती, गुलाबी फेट्याचं कापड निघालं होतं, आणि नारळ त्यांनी तिथल्या बाजारातून खुणा करून आणला होता. मी विचारलं काय करून राह्यले, तर म्हणाले, साहेबांचा सत्कार.

मी हसून हसून भिंतीला टेकले. पण गेले. जाताना शेजारच्या बाईने गाडी चालवली, तीही गंमत बघायला मिळणार म्हणून.

नाक्यावर एक प्रवासी गाडी अडवलेली होती आणि तिच्यातली माणसं उन्हात उभी होती. ह्यांनी आधी त्या माणसांना ओळीत उभं केलं. कसं केलं देव जाणे, पण ह्यांना कुठल्याही देशातली माणसं ओळीत उभी करता येतात. मग साहेबांपुढे जाऊन वाकून नमस्कार केला, त्यांची टोपी अदबीने उतरवून माझ्या हातात दिली आणि फेटा बांधायला सुरुवात केली. साहेबांनी आधी मान मागे घेतली. दुसऱ्या वेढ्याला उभे राहिले. तिसऱ्याला पोट आत घेतलं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि ह्यांनी घसा साफ करून भाषण सुरू केलं. आजच्या कार्यक्रमाचे सत्कारमूर्ती, ऊन-वारा न पाहता ह्या रस्त्यावर जनतेची सेवा करणारे, शिस्तप्रिय, निर्व्यसनी, असं सगळं. शेवटी टाळ्या म्हणून ह्यांनी स्वतःच वाजवल्या, मग केळीवाल्यांनी वाजवल्या, मग अडवलेल्या प्रवाशांनी तर अशा वाजवल्या की काय सांगू. मी फोटो काढत होते. हसू दाबून हात हलत होता, म्हणून निम्मे फोटो आभाळाचे आले.

आपल्याकडे सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचे असतात. ह्यांनी तसं खुणेने सुचवलं, आणि साहेब बोलले. दोन नव्हे, पुष्कळ बोलले. आम्हाला काही कळलं नाही, पण मधेच केळीवाली एक म्हातारी डोळे पुसायला लागली. शेजारच्या बाईने नंतर सांगितलं, ते म्हणाले की इतकी वर्षं ह्या रस्त्यावर उभा आहे, लोक हातात काहीतरी कोंबून पळतात, थांबून कुणी तोंडाकडे बघितलं नाही. मग त्यांनी खिशाचं बटण काढलं आणि माझा परवाना दोन्ही हातांनी मला दिला. एवढ्या लोकांसमोर, फेटा बांधलेल्या माणसाला काही मागायची सोयच उरली नव्हती. प्रवासी गाडीही फुकट सुटली.

मी मात्र घरी आल्यावर भांडले. शालीत गुंडाळली तरी लाच ती लाचच, असं माझं म्हणणं. हे गादीवर ऐसपैस बसून लाडू खात म्हणाले, "लाच लपून देत्यात. ह्येचे फोटो हायेत." लेक पोट धरून हसली, इतकी की मला वाटलं आता इथेच सुरू होतंय सगळं.

सुरू झालं ते दोन दिवसांनी, सकाळी. जावयांचा फोन लागेना. लेकीला मागे ह्यांच्याजवळ बसवलं आणि मी गाडी काढली. नाक्यावर ट्रकांची रांग. अडसर खाली, साहेब पुढे, आणि त्यांचा हात आडवा झाला. मी काच खाली केली. तब्येत विचारायच्या आतच मी पर्समधल्या होत्या तेवढ्या नोटा मुठीत धरून बाहेर काढल्या. राग आठवला नाही, नियम आठवला नाही. त्या वेळी ते म्हणाले असते तर कानातलंही काढून दिलं असतं आणि वर पाया पडले असते. साहेबांनी नोटांकडे पाहिलंच नाही. त्यांनी मागच्या सीटवर पाहिलं, आणि ते भरदार शरीर धावत सुटलं. ट्रकवाल्याला मागे घ्यायला लावलं, अडसर स्वतः उचलून धरला, आणि जा, जा, असा हात करत राहिले. दवाखान्यात पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की नोटा अजून मुठीत आहेत आणि स्टिअरिंगवर घासून त्यांचा बोळा झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, आणखी वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. मी तिथल्या फरशीवर बसून रडले. मग नात बघितली आणि बसल्या जागी हसायला लागले.

परत येताना नाक्यावर आमच्या पुढे एक भाजीची गाडी होती. तिच्या ड्रायव्हरने साहेबांच्या हातात काहीतरी सरकवलं, साहेबांनी ते खिशात टाकलं आणि तो गेला. मी स्वच्छ पाहिलं. मग साहेब आमच्याकडे आले, खिडकीतून वाकून बाळाकडे बघत राहिले. आपल्याकडे नव्या बाळाचं तोंड रिकाम्या हाताने पाहत नाहीत. तिकडेही तसंच असावं. त्यांनी त्याच खिशात हात घातला, चुरगळलेली एक नोट काढली आणि नातीच्या तळहातावर ठेवली. पोरीने लगेच मूठ मिटली.

मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. ह्यांनी नेहमीप्रमाणे अंग चोरलं. साहेबही जरा मागे सरकले. मी त्यांच्यापुढे उभी राहिले, हात जोडले, आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही व्हते म्हून माझी नात हाये." त्यांना अक्षर कळलं नाही. ते नुसते मान हलवत राहिले, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

बाळाच्या हातावर पहिल्यांदा पडलेला पैसा खर्चत नाहीत, देवापुढे ठेवतात. ती नोट मी जपून जाफराबादला आणली. ती त्या भाजीवाल्याची आहे, हे मला माहीत आहे. देवघरापुढे रोज बसते, ती काढते, बघते, आणि पुन्हा पदराला बांधते. देवापुढे ठेवायला हात धजत नाही, आणि टाकून तर मुळीच देववत नाही.