थेंब आधी कुणाला दिसला

आमच्या नळदुर्गच्या जीप स्टँडवर किस्से कुणी जमवत नाही. ते आपोआप साठतात. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि गाडी हलेपर्यंत माणसांची तोंडं थांबत नाहीत. मी या स्टँडवरून लोहाऱ्याची जीप चालवली. आता जीप विकली, तरी सकाळी येऊन बसतो. शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे लिहिणं बेताचं. पण हे सगळे किस्से आमच्या घरच्या गाडीचे आहेत आणि मल्लिनाथ ते वाढवून सांगतो. म्हणून घडले तसे मांडतो.

गाडी माझ्या मुलाची, दिलीपची. तो पुण्याला नोकरी करतो. तिथं गाडी लावायला जागा नाही, आणि त्याच्या आईला गुडघ्यासाठी सोलापूरच्या दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून नवी गाडी त्यानं इथंच ठेवली. अडचण माझ्या डोळ्याची होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, दिवसा खुशाल चालवा. दिलीपला ते पटलं नाही.

फोनवर म्हणाला, "अण्णा, या गाडीला पुढं कॅमेरा आहे. काचेवर थेंब पडला की त्याला दिसतो आणि वायपर आपोआप फिरतो. त्याला दिसतं ते तुम्हाला दिसत असेल तर चालवा. नाहीतर आपण ड्रायव्हर ठेवू. दिवाळीला येतो तेव्हा शेजारी बसून बघतो."

तो थट्टेनं बोलला की खरं, मला कळलं नाही. पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी मल्लिनाथ होता. संध्याकाळच्या आत सगळ्या स्टँडला कळलं की दिवाळीत अण्णांची आणि वायपरची परीक्षा आहे. अण्णा हरले तर किल्ली गेली. जन्मभर ज्यानं लोकांना नेऊन सोडलं, त्याला आता ड्रायव्हर!

*

मल्लिनाथ म्हणजे माझ्यानंतर स्टँडवरचा जुना माणूस. त्याची मुरुमची जीप अजून चालू आहे. गाडी आणायला शोरूमला गेलो तेव्हा तो बरोबर होता. तिथल्या पोरानं समजावून सांगितलं. या वायपरला कुणी नियम घालून दिलेले नाहीत म्हणे. पावसाचे आणि बिनपावसाचे लाखो फोटो दाखवले, त्यातून त्याचं तोच शिकला. याला मशीन लर्निंग म्हणतात.

मल्लिनाथनं विचारलं, "फोटो कुठल्या पावसाचे?"

"सगळीकडच्या, काका."

"नळदुर्गला कवा आलता फोटो काढायला?"

पोरगं हसलं. म्हणालं, इथला नसेल तर शिकेल हळूहळू.

मल्लिनाथनं काचेकडं बघितलं. म्हणाला, "मग घ्या. आमच्या पोरांबद्दल पण गुरुजी हेच म्हणायचे."

*

पहिल्याच आठवड्यात लोहाऱ्याला निघालो. ऊन कडक. रस्त्याच्या कडेला मळणी यंत्र लागलेलं, भुसा उडत होता. त्यातून गाडी गेली आणि वायपर सुरू झाला. कोरडाच. काच करकरायला लागली. मी हातानं बंद केला.

मागच्या सीटवर रज्जाकभाई होते. त्यांचं स्टँडला लागून पंक्चरचं दुकान आहे. ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, गाडी झाडू मारतीय. मारू दे. घरात कोण मारतं हल्ली?"

*

गाडीला नावं ठेवायची आणि गुण लपवायचे, हे मी करणार नाही. सोलापूर रोडला एका ट्रकनं खड्ड्यातलं लाल पाणी असं उडवलं की समोरचं काही दिसेना. माझा हात वायपरच्या दांडीकडं निघाला, तो पोचायच्या आत काच साफ होती. माझ्या जीपला हे जमलं नसतं. मलाही जमलं नसतं.

मी कुणाला बोललो नाही. पण मल्लिनाथ बाजूला बसला होता. स्टँडवर उतरल्याबरोबर त्यानं जाहीर केलं, "एक मार्क वायपरला."

तेव्हापासून तो मार्क द्यायला लागला. भुशाचा मार्क त्यानं मला दिला होता का, मी विचारलं. तर म्हणाला, "भुसा बघायला डोळा कशाला लागतोय?"

*

रज्जाकभाईंना काच पुसायची हौस. दुकानासमोर गाडी लागली की ते ओलं फडकं घेऊन येणार, न सांगता. मी गाडी चालू ठेवून चाकातली हवा बघत होतो. त्यांनी ओलं फडकं काचेवर टाकलं. वायपरला वाटलं पाऊस आला. त्यानं फिरून त्यांच्या बोटांवर एक दिली.

रज्जाकभाईंनी बोटं झटकली. त्यांच्यावर फुंकर घातली. मग म्हणाले, "हौ, मारती भी है."

आता फडकं टाकायच्या आधी ते बॉनेटवर टकटक करतात आणि विचारतात, "बंद है ना?" मला नाही, गाडीला विचारतात. उत्तर आल्याशिवाय हात लावत नाहीत. उत्तर मला द्यावं लागतं.

*

कॅमेरा आरशाच्या मागं बसवलेला आहे. त्याला काचेचा वरचा तेवढाच तुकडा दिसतो. एकदा कावळ्यानं नेमकं माझ्या तोंडासमोर काच घाण केली. वायपर हलला नाही. मी वाट बघितली. तरी हलला नाही. पुढं गेल्यावर आरशामागं एक चिलट चिकटलं, लगेच फिरला.

मल्लिनाथ म्हणाला, "स्वतःच्या डोळ्यापुरतं पुसतो. ह्याला पंचायतीला उभा करा."

*

सोयाबीन काढून झालं होतं. मल्लिनाथच्या गल्लीत सगळ्यांनी रस्त्यावरच वाळत घातलेलं. या दिवसांत बायकांचं एक लक्ष सोयाबीनकडं आणि एक आभाळाकडं असतं. एक सर आली की वर्षाचं पीक काळं पडतं.

मी हिला घेऊन मल्लिनाथकडं गेलो होतो. ही गाडीतच बसली, गुडघा दुखत होता. म्हणून एसी चालू ठेवला आणि मी आत गेलो. गाडी जिथं उभी होती तिथं वरच्या टाकीचा पाइप गळत होता. थेंब काचेवर पडायला लागले. वायपर सुरू.

मल्लिनाथच्या मंडळींनी दारातून ते बघितलं आणि कानडीत आरोळी ठोकली, "मळी बंतु!" पाऊस आला. सगळी गल्ली धावली. ताडपत्र्या, पोती, घमेली, जे हाताला लागेल त्यात सोयाबीन भरलं. म्हाताऱ्यासुद्धा धावल्या. मी बाहेर आलो तेव्हा सगळा रस्ता रिकामा होता आणि डोक्यावर ऊन भाजत होतं.

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मल्लिनाथच्या मंडळी कानडीत बराच वेळ बोलल्या. हात गाडीकडं, मग माझ्याकडं, मग आभाळाकडं. मला कानडी येत नाही. मल्लिनाथला विचारलं, काय म्हणतात?

मल्लिनाथनं थोडा विचार केला. म्हणाला, "गाडी चांगली हाय म्हणती."

*

दसऱ्याला हिनं गाडीची पूजा केली. काचेवर हळदीकुंकवानं छान स्वस्तिक काढलं. हार घातला, नारळ फोडला. मला गाडी चालू करायला लावली, चाकाखाली लिंबं ठेवली होती ती चिरडायला. तेवढ्यात हिनं नारळाचं पाणी काचेवर शिंपडलं.

वायपर फिरला. स्वस्तिक गेलं. हळद, कुंकू आणि पाणी मिळून सगळी काच लाल झाली. मी आतून काही बघू शकत नव्हतो. वायपर थांबेना, जितकं लाल दिसेल तितका जोरात फिरत होता.

ही ताट हातात घेऊन उभी होती. रागावली नाही. म्हणाली, "तुमच्यासारखीच हाय. देवाचं काही केलं की पुसून मोकळी."

*

दिवाळीच्या आधी गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या माणसानं लॅपटॉप जोडून काहीतरी भरलं. म्हणाला, वायपरला नवीन धडे दिलेत. मी विश्वास ठेवला नाही. परत येताना मुद्दाम मळणीच्या रस्त्यानं आणली. भुसा उडत होता. वायपर हलला नाही.

स्टँडवर सांगितलं. मल्लिनाथनं उठून काच जवळून बघितली. मग म्हणाला, "शिकला म्हणायचा. अण्णा, तुमचं आता अवघड हाय."

त्या दिवशी मी घरी लवकर गेलो. पेपर खिडकीपाशी धरून एका डोळ्यानं वाचला, मग दुसऱ्यानं. ही बघत होती. चहा आणून ठेवला.

*

दिलीप आला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "चला अण्णा, मुरुमपर्यंत जाऊन येऊ." मला वाटलं आम्ही दोघंच. दार उघडलं तर मागं मल्लिनाथ आणि रज्जाकभाई आधीच बसलेले. धुतलेले कपडे घालून.

मी विचारलं, तुमचं काय काम?

मल्लिनाथ म्हणाला, "साक्षीला."

नियम दिलीपनं सांगितला. वायपर फिरला की तो मला विचारणार, पाऊस आहे का. मी उत्तर देणार. मग तो खिडकीतून हात बाहेर काढून बघणार. खोटं निघालं तर किल्ली.

मी म्हणालो, चालेल.

आभाळ भरलेलं होतं, पण पडत नव्हतं. हैदराबाद रोडला लागलो. थोड्या अंतरावर वायपर फिरला. "अण्णा, पाऊस?" मी म्हणालो, "नाही. किडा." त्यानं हात बाहेर काढला. कोरडा. मागून मल्लिनाथ म्हणाला, "अण्णांना एक."

पुढं एका टँकरच्या मागं लागलो. टँकर गळत होता. वायपर फिरला. मी म्हणालो, "टँकरचं पाणी." दिलीपनं मान हलवली, हात काढायचीही गरज पडली नाही. दोन.

मग खरी सर आली, लहानशी. वायपर आणि मी बरोबरच बोललो. दिलीप हसला. म्हणाला, "ही बरोबरी." त्यानं सीट मागं केली, पाय ताणले. मला वाटलं, संपलं. मुरुमचा फाटा घेतला.

फाटा घेतल्यावर वायपर एकदाच फिरला आणि थांबला. दिलीपनं विचारलं, "अण्णा, पाऊस?"

मी काचेकडं बघितलं. काच स्वच्छ होती. पुढचा रस्ता दिसत होता, कडेची तूर दिसत होती. काचेवर मला काही दिसलं नाही. मी म्हणालो, "नाही."

दिलीपनं काच खाली केली आणि हात बाहेर काढला. नेहमीपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवला. मी आरशात बघितलं. मल्लिनाथ त्याच्या बाजूच्या खिडकीकडं बघत होता, आणि त्या काचेवर बोटानं काहीतरी पुसत होता, आतून.

दिलीपनं हात आत घेतला. तळवा मांडीवर टेकवला, सावकाश पुढं नेला. मग समोर बघत म्हणाला, "कोरडाय."

रज्जाकभाई खोकले.

मी गिअर बदलला. वळण होतं, ते घेतलं. समोरून बैलगाडी आली, तिला जागा दिली. मग म्हणालो, "पँटीला पाण्याचा डाग पडलाय बघ. डाव्या मांडीवर."

दिलीप बाहेर बघायला लागला. मल्लिनाथनं या वेळी मार्क कुणालाच दिला नाही.

मुरुमला चहाला थांबलो. मी गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर दिलीपच्या बशीशेजारी ठेवली. चहा आला. चौघांनी घेतला. दिलीपनं आईच्या गुडघ्याचं विचारलं, पुढची तारीख कधी आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यानं बशी उचलून कपाखाली घेतली. किल्लीला हात लावला नाही.

चहा संपला तसा तो उठला. गाडीपाशी गेला. पुढचं दार उघडलं, आणि मल्लिनाथला म्हणाला, "काका, तुम्ही पुढं बसा." स्वतः मागं रज्जाकभाईंच्या शेजारी जाऊन बसला, आणि डोळे मिटून घेतले.

टेबलावर किल्ली तशीच होती. मी उचलली.